विनेटकाचे शाळा-अधीक्षक : कार्लटन वॉशबर्न

शिकागो शहरातून उत्तरेकडे निघालेला लोहमार्ग मिशिगन सरोवराच्या काठाकाठाने जातो. या मार्गावर, शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावर विनेटका नावाचे एक उपनगर आहे. सकाळच्या गाडीने शहरातील कचेऱ्यांकडे जाणारी आणि संध्याकाळच्या गाडीने परतणारी सुस्थित कुटुंबे येथे वसत गेली. १९२० साली येथील लोकसंख्या साडेसहा हजारांच्या आसपास होती. १९३० पर्यंत ती बारा हजारांवर गेली. अशा वाढत्या वस्तीत घरे आधी उभी राहतात आणि वर्गखोल्या मागाहून. अमेरिकेत सार्वजनिक शाळांचा कारभार स्थानिक मंडळाकडे असतो. मंडळाचे सदस्य तेथील रहिवासी निवडून देतात आणि खर्चाचा मोठा भाग त्याच रहिवाशांच्या मालमत्ता करातून येतो. शाळेविषयी मत असणे हा तेथे प्रत्येक करदात्याचा हक्कच असतो आणि विनेटकातील करदाते हा हक्क बजावण्यात कधी मागे राहिले नाहीत.

या वस्तीच्या शाळा मंडळाने १९१९ साली एकोणतीस वर्षांच्या एका तरुणाला शाळा-अधीक्षक नेमले. पुढे चोवीस वर्षे तो त्या पदावर राहिला आणि उपनगराचे नाव शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत गेले. आपल्याकडील अध्यापक महाविद्यालयांतही डाल्टन योजनेच्या शेजारी विनेटका योजना शिकवली जाते. परीक्षेसाठी तिचे चार मुद्दे पाठ होतात. तिच्यामागचा माणूस मात्र बहुधा अपरिचितच राहतो.

कार्लटन वॉशबर्न यांचा जन्म २ डिसेंबर १८८९ रोजी शिकागो येथे झाला. वडील डॉक्टर होते. आई मॅरियन फॉस्टर वॉशबर्न बालशिक्षणावर लिहीत आणि व्याख्याने देत. अमेरिकेतील नव्या शिक्षणाचे एक आद्य प्रवर्तक फ्रान्सिस पार्कर यांच्या वर्तुळात त्यांचा वावर असे. पार्करांच्या शाळेचे संस्कार लहानग्या कार्लटनवर झाले. तरीही शिक्षक होण्याचा संकल्प करून ते या क्षेत्रात आले नाहीत. १९१२ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदवी घेतली, त्याच वर्षी हेलुईज चँडलर यांच्याशी विवाह झाला आणि संसारासाठी नोकरी हवी होती; ती खेड्यातल्या शाळेत मिळाली. हेलुईज पुढे मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखिका म्हणून ओळखल्या गेल्या.

ला प्वेंते या खेड्यातील त्या शाळेत एकाच खोलीत निरनिराळ्या वयांची व निरनिराळ्या तयारीची मुले बसत. एकाला वाचता येते तर बेरीज येत नाही, दुसऱ्याची गत नेमकी उलटी. सर्वांना एकच धडा एकाच वेळी देण्याचा प्रयत्न दोन-चार दिवसांतच कोलमडतो, हे बहुशिक्षकी शाळेत काम करणाऱ्यांना कदाचित पटणार नाही. एकशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाला ते सांगावे लागत नाही. वॉशबर्न यांनी प्रत्येक मुलाला त्याच्यापुरते काम देण्यास सुरुवात केली. तेव्हा तो कोणताही सिद्धान्त नव्हता, निरुपाय होता.

या निरुपायाला शास्त्राची बैठक मिळाली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या अध्यापक विद्यालयात. तेथील प्राचार्य फ्रेडरिक बर्क यांच्या विद्यालयाला जोडलेल्या शाळेत मेरी वॉर्ड या सहकारी शिक्षिकेच्या प्रयोगातून गणितात प्रत्येक मुलाने स्वतःच्या गतीने पुढे जाण्याची पद्धत रुजली होती. सैनिकांच्या संचलनाप्रमाणे साऱ्या वर्गाने एकाच पावलाने चालायचे, या प्रथेवर बर्क यांचा रोष होता. मुलांना स्वतः वाचून सोडवता येतील अशा पुस्तिका त्यांनी तयार करवल्या. छापील पाठ्यसामग्री प्रसिद्ध करण्याचा अधिकार केवळ राज्य शिक्षण मंडळाचा, असा कायदेशीर निर्णय झाल्यावर त्या पुस्तिकांचा प्रसार थांबला. वॉशबर्न १९१४ पासून या विद्यालयात होते. १९१८ मध्ये त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि दुसऱ्याच वर्षी बर्क यांच्या शिफारशीवरून विनेटकाला प्रयाण केले. गुरूचे कॅलिफोर्नियात अडलेले काम शिष्याने इलिनॉय राज्यातल्या उपनगरात पुढे नेले.

नव्या अधीक्षकाने आल्याबरोबर काहीही बदलले नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी आधी शिक्षकांकरवी मुलांची चाचणी घेतली. एकाच इयत्तेत बसलेल्या मुलांची प्रत्यक्ष तयारी कित्येक इयत्तांमध्ये विखुरलेली आढळली. वर्ग एक, पुस्तक एक आणि मुले मात्र निरनिराळ्या टप्प्यांवर, हे चित्र शिक्षकांनी स्वतः पाहिल्यामुळे पुढची योजना त्यांना वरून आलेल्या फर्मानासारखी वाटली नाही. प्रत्येक विषयात मुलाला निश्चितपणे काय यावे, याची उद्दिष्टे शिक्षकांच्याच समित्यांनी ठरवली आणि स्वाध्याय पुस्तिकाही त्यांनीच लिहिल्या. मुलाने पुस्तिकेतील उदाहरणे सोडवायची, उत्तरे स्वतः ताडून पाहायची, स्वतःची सराव चाचणी घ्यायची आणि तयारी झाली असे वाटले की शिक्षिकेकडे जाऊन खरी चाचणी मागायची. ती पूर्ण बरोबर आली की प्रगतिपत्रकावर त्या उद्दिष्टापुढे तारीख पडे. न आली तर पुन्हा तेवढ्याच भागाचा सराव. वर्षभराचा अभ्यासक्रम नव्याने करायला लावणारे नापास होणे त्यामुळे जवळजवळ संपले. एखादी मुलगी वाचनात पाचवीचे आणि गणितात चौथीचे काम करत असली, तरी बसे आपल्याच सोबत्यांमध्ये.

पालकांच्या हाती पडणारे प्रगतिपत्रक गुण व क्रमांक यांवाचूनचे होते. मूल वर्गात कितवे आले हे कळेनासे झाले. कोणता भाग आला आणि कोणता राहिला एवढेच कळू लागले. क्रमांकाची सवय असलेल्या पालकांना ही तडजोड किती जड गेली असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

योजनेचा दुसरा अर्धा भाग अभ्यासक्रमाच्या टिपणांत अनेकदा एका ओळीत उरकला जातो, म्हणून त्याविषयी थोडे अधिक. दिवसाचा साधारण अर्धा वेळ वैयक्तिक अभ्यासासाठी आणि उरलेला अर्धा सामूहिक व सर्जनशील कामासाठी राखलेला असे. नाटक, संगीत, सुतारकाम, मुलांच्या सभा, मुलांचे वृत्तपत्र यांसाठी चाचणी नव्हती की उद्दिष्टांची यादी नव्हती. १९२२ मध्ये सुरू झालेल्या स्कोकी या माध्यमिक पातळीच्या शाळेत तर मुलांनी स्वतःची पतपेढी आणि छोट्या व्यापारी कंपन्या चालवल्या. व्याज, भागभांडवल, तोटा या गोष्टी तेथे हिशेबाच्या वहीत अनुभवास येत. एकट्याने शिकणारे मूल एकलकोंडे होऊ नये, ही काळजी वॉशबर्न यांना सुरुवातीपासून होती.

तरीही टीका झालीच आणि ती परंपरावाद्यांइतकीच नव्या शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांकडूनही झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण अभ्यास संस्थेने १९२५ साली वैयक्तिक भिन्नतेवर एक वार्षिक ग्रंथ काढला. त्याची जबाबदारी वॉशबर्न यांच्याकडे होती आणि त्याच ग्रंथात विल्यम किलपॅट्रिक यांनी या पद्धतीवर कठोर आक्षेप नोंदवले. ज्ञानाचे तुकडे पाडून ते पुस्तिकांमधून पाजणे म्हणजे जीवनापासून अभ्यास तोडणे, असा त्या आक्षेपाचा रोख होता. हा आक्षेप पूर्णतः निराधार म्हणता येत नाही. दिवसाचे दोन भाग केले की शुद्धलेखन एका बाजूला आणि ते ज्यासाठी शिकायचे ते लेखन दुसऱ्या बाजूला पडण्याचा धोका असतोच. मात्र किलपॅट्रिक विद्यापीठात होते आणि वॉशबर्न यांच्यासमोर दररोज शाळेत येणारी मुले होती.

विनेटकाच्या पालकांचा प्रश्न अधिक रोखठोक होता : आठवीनंतर ही मुले न्यू ट्रायर हायस्कुलात जाणार, तेथे ती टिकतील काय? हे हायस्कूल वेगळ्या मंडळाचे होते आणि तेथे आसपासच्या इतर उपनगरांतील मुलेही येत. वॉशबर्न यांनी उत्तर आकड्यांतून शोधले. मेबल व्होगेल आणि विल्यम ग्रे यांच्यासह १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत विनेटकाच्या मुलांची हायस्कुलातील प्रगती तपासली गेली. ती इतरांच्या मागे नव्हती. संशोधनाची ही सवय पुढेही टिकली. कोणत्या वयाच्या मुलांना कोणती पुस्तके खरोखर आवडतात हे हजारो मुलांना विचारून व्होगेल यांच्यासह त्यांनी श्रेणीबद्ध ग्रंथसूची केली. गणितातील कोणता भाग कोणत्या बौद्धिक वयात पेलतो याचाही सहकाऱ्यांसमवेत दीर्घ अभ्यास केला आणि मोठे भागाकार शाळा फार लवकर शिकवतात, असा निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षांच्या पद्धतीवर पुढे शंका घेतल्या गेल्या. काही शाळांनी त्यांचा अतिरेकी अर्थ लावला, हेही खरे.

१९२९ नंतरच्या महामंदीने सुस्थित विनेटकालाही ग्रासले. कर भरणे जड झाले, तेव्हा शाळेतील चित्रकला, संगीत, मानसोपचार-सल्ला हे सारे काहींच्या नजरेत चैनीचे ठरले. १९३३ मध्ये हा असंतोष शाळा मंडळाच्या निवडणुकीपर्यंत पोहोचला. नव्या पद्धतीचे आणि खर्चाचे विरोधक उमेदवार उभे राहिले. गावात सभा झाल्या, वाद झडले. मतदारांनी त्या उमेदवारांना नाकारले. चौदा वर्षे शिक्षक, पालक आणि मंडळ यांच्याशी वॉशबर्न यांनी जो अखंड संवाद ठेवला होता, त्याचे मोल त्या दिवशी कळले. अर्थात, हे सांगताना एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. हा प्रयोग एका संपन्न, बहुतांशी एकाच वर्गाच्या वस्तीत फुलला. शिकागोच्या गर्दीतल्या शाळांकडे ना एवढा पैसा होता, ना वर्गात एवढी कमी मुले. वैयक्तिक शिक्षणाची गरज जेथे सर्वांत अधिक, तेथे त्याची सोय सर्वांत कमी, हा पेच वॉशबर्न सोडवू शकले नाहीत.

मंदी ओसरल्यावर वाढत्या वस्तीसाठी नवी प्राथमिक शाळा बांधण्याचे ठरले. जागा होती क्रो आयलंड या नावाची. लॉरेन्स पर्किन्स हे तरुण वास्तुरचनाकार आणि त्यांचे भागीदार यांच्या जोडीला फिनलंडहून आलेले ख्यातनाम एलिएल सारिनेन आणि त्यांचे पुत्र ईरो यांची योजना झाली. पर्किन्स वर्गांत जाऊन बसले; शिक्षिका, मुले आणि शाळेचे शिपाई यांच्याशी बोलले. १९४० साली उघडलेल्या या शाळेत प्रत्येक वर्गखोली इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची आहे. एका भागात बाके आणि दुसऱ्यात कामाची जागा. खोलीला स्वतःचे स्वच्छतागृह आणि अंगणात उघडणारे दार. छत नेहमीपेक्षा खाली, दिव्यांची बटणे मुलांच्या हाताला लागतील एवढ्या उंचीवर. सभागृहातील पुढच्या रांगांच्या खुर्च्या लहान, मागे जाल तशा मोठ्या. दिवसाचे दोन भाग करणारी ती योजना येथे भिंतींमध्ये उतरली. पुढील काळात अमेरिकेतील असंख्य एकमजली शाळांनी या इमारतीचे अनुकरण केले.

वॉशबर्न यांची दृष्टी उपनगरापुरती मर्यादित नव्हती. १९३०-३१ मध्ये त्यांनी जपान, चीन, भारत, पश्चिम आशिया, रशिया आणि युरोप असा दीर्घ प्रवास करून ठिकठिकाणच्या विचारवंतांशी शिक्षणाच्या हेतूविषयी चर्चा केली. त्यावरचे पुस्तक १९३२ साली निघाले. १९४३ मध्ये विनेटका सोडून ते दोस्त सैन्याच्या प्रशासनाबरोबर इटलीत गेले. फॅसिस्ट राजवटीने पाठ्यपुस्तकांत भरलेला प्रचार काढून टाकणे आणि युद्धाने बंद पडलेल्या शाळा उघडणे हे काम त्यांच्याकडे आले. १९४५ च्या इटालियन प्राथमिक अभ्यासक्रमावर त्यांची छाप आहे. पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात त्यांनी शिक्षक-प्रशिक्षणाचा विभाग सांभाळला आणि नंतर मिशिगन राज्य विद्यापीठात अध्यापन केले. नोव्हेंबर १९६८ मध्ये, एकोणऐंशीव्या वाढदिवसाला थोडे दिवस उरले असताना, मिशिगनमध्येच त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे विनेटकाच्या शाळांतील पुस्तिका हळूहळू बदलल्या आणि योजनेतील बराच भाग इतिहासजमा झाला. क्रो आयलंडची इमारत १९९० साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित झाली. तरीही तिचे संग्रहालय झाले नाही; तेथे वर्ग भरतात आणि बटणे आजही मुलांच्या हाताच्या उंचीवरच आहेत.