हेलनची न संपलेली वाट

माणूस गेल्याचं कळलं तर निदान रडता तरी येतं. पण तो गेला की आहे, हेच कळलं नाही तर? ग्लेन मिलरबद्दल वाचताना माझं मन त्याच्या बायकोपाशी, हेलनपाशीच अडकलं.

ग्लेनचा जन्म १९०४ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. घरची परिस्थिती बेताची. गाईंच्या धारा काढून साठवलेल्या पैशांतून त्याने पहिला ट्रॉम्बोन, म्हणजे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य घेतलं, असं सांगतात. कॉलेजात ओळख झालेल्या हेलनशी १९२८ मध्ये त्याचं लग्न झालं. पहिला वाद्यवृंद बंद पडला, पण त्याने जिद्दीने दुसरा उभा केला. १९३९ मध्ये ‘इन द मूड’ आलं आणि सगळी अमेरिका त्याच्या तालावर नाचू लागली.

असं सगळं छान चाललेलं असताना १९४२ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी तो सैन्यात गेला. सैनिकांसाठी वाद्यवृंद उभारला, पुढे मेजर झाला. १९४४ मध्ये तो इंग्लंडला गेला. घरी दत्तक घेतलेला लहान मुलगा होता. ग्लेन परदेशी असतानाच एक मुलगीही दत्तक आली. तिचं तोंड त्याने कधी पाहिलंच नाही.

१५ डिसेंबर १९४४. वाद्यवृंदाच्या आधी पॅरिसला पोहोचून सोय बघायची, म्हणून तो बेडफर्डजवळून एका छोट्या विमानातून निघाला. बरोबर एक अधिकारी आणि वैमानिक. हवा थंड, धुकट. तीन दिवसांनी वादक पॅरिसला उतरले, तर त्यांना घ्यायला ग्लेन आलाच नव्हता! नाताळच्या आदल्या दिवशी तो बेपत्ता असल्याचं जाहीर झालं.

कुणी म्हणतं, इंजिनात बर्फ साचून विमान समुद्रात पडलं. कुणी म्हणतं, परतणाऱ्या आपल्याच बॉम्बफेकी विमानांनी खाली टाकलेले बॉम्ब लागले. विमान सापडलं नाही, माणसंही नाहीत.

मार्च १९४५ मध्ये ग्लेनचं ‘ब्राँझ स्टार’ पदक हेलनने स्वीकारलं. हातात पदक, पदरात दोन लेकरं आणि उत्तर मात्र कुठेच नाही. १९६६ मध्ये ती गेली, तेव्हाही ते मिळालेलं नव्हतं.

कामानिमित्त फिरताना मला अशा बायका भेटतात, ज्यांचा नवरा घरातून निघाला तो परतलाच नाही. भेटेल तो त्यांना विचारतो, काही कळलं का? आता मी हा प्रश्न विचारत नाही. मुलांच्या शाळेचं, रेशनकार्डाचं काय झालं, ते विचारते. वाट बघणाऱ्या बाईलाही रोजचा दिवस काढायचाच असतो ना!