देवराष्ट्रेच्या रमाबाई आणि नर्सचा मान

१२ मे हा परिचारिका दिन. त्यानिमित्त आपण मुलांना फ्लॉरेन्स नाइटिंगेलची गोष्ट सांगतो. सांगायलाच हवी. पण तिच्या नावाखाली फळ्यावर आणखी एक नाव लिहा: रमाबाई रानडे. उंब्रजच्या मुलांना तर ते जवळचं वाटेल. कराड ओलांडून सागरेश्वरच्या दिशेला गेलं की देवराष्ट्रे लागतं. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव मुलांना माहीत असतं, पण २५ जानेवारी १८६२ ला कुर्लेकरांच्या घरी रमाबाईही इथेच जन्मल्या, हे बऱ्याचदा आपल्यालाही माहीत नसतं. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे.

अकराव्या वर्षी त्यांचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. नवरा तिशी ओलांडलेला, प्रकांड विद्वान. आणि मुलीला अक्षरओळखही नाही! रानड्यांनी त्यांना मराठी, मग इंग्रजी शिकवलं. घरातल्या बायकांना हे मुळीच पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, सगळं रमाबाईंनी मुकाट्यानं सोसलं, पण पाटी काही सोडली नाही. १९०१ मध्ये रानडे गेले. मूलबाळ नाही, वय अवघं ३८. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिथेच सगळं संपायचं.

पण १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. इथे विधवा आणि गरजू बायकांना शिक्षिका, नर्स, सुईण होण्याचं शिक्षण मिळू लागलं. आता विचार करा. बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, दाराला पडदा, शेजारी धुराची शेगडी, आणि नाळ कापायला हाताला येईल ते हत्यार! अशा घरात पुरुष डॉक्टरला शिरकाव नव्हता. हात धुवा, हत्यार उकळा, खिडकी उघडा हे सांगायला घरातल्यांना आपली वाटेल अशी शिकलेली बाईच हवी होती.

पण अशी बाई आणायची कुठून? परक्याच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, हे काम पांढरपेशा घरांना हलकं वाटायचं. (आजही मुलगी नर्सिंगला जाते म्हटलं की काही घरांत आधी कपाळाला आठ्या पडतात, खरं ना?) सेवासदनाच्या एका बक्षीस समारंभात केशवपन केलेली, आलवण नेसलेली एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला मंचावर आली, तेव्हा प्रेक्षकांतल्या विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडवली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई संतापल्या आणि शेवटी बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी त्या शिकल्यासवरल्या पोरांना कडक शब्दांत सुनावलं. मला हा प्रसंग त्यांच्या चरित्रातला सगळ्यात मोठा वाटतो.

आरोग्य संवर्धन हा शब्द आता नर्सिंगच्या पुस्तकात येतो. १९८६ साली कॅनडातल्या ओटावा इथल्या परिषदेत त्याची तत्त्वं मांडली गेली. नुसतं आजारावर औषध देऊन भागत नाही. माणसाला आपली तब्येत आपण राखता आली पाहिजे, त्यासाठी भोवतीची परिस्थिती बदलली पाहिजे आणि लोकांनी मिळून त्यात उतरलं पाहिजे. ही तत्त्वं मुलांना समजावताना सेवासदनाचं उदाहरण घ्या. बाईला शिकवलं, तिच्या पायावर उभं केलं, आणि तिच्या हातून आरोग्याची माहिती घराघरांत पोचली. आळंदीच्या यात्रेतही रमाबाई सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन आजारी वारकऱ्यांच्या सेवेला जात. गर्दीत परक्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायका लोकांनी तिथे डोळ्यांनी पाहिल्या.

पुढे मुलींना सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणि बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून त्या झगडल्या. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं. १९६२ साली, जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. वर्गात दाखवायला त्याचं चित्र मिळालं तर पाहा.