जिवाणूच्या मारकतेला वेसण घालणारे हाफकिन

१८९७ साली प्लेगने पुणे उजाड केले. रुग्णसेवा करता करता १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांनाही प्लेगनेच गाठले. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, १० जानेवारीला, मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम आपल्याच शरीरात टोचून घेतली होती.

१८६० मध्ये ओडेसात जन्मलेल्या हाफकिन यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीच्या जिवाणूची मारकता प्रयोगाने वाढवून व घटवून लस सिद्ध केली. प्लेगसाठी त्यांनी उष्णतेने मारलेले जिवाणू वापरले. मारकतेचे मूळ त्या काळी अज्ञात होते. २००१ मध्ये प्लेगच्या जिवाणूचा सुमारे ४६ लाख अक्षरांचा जनुकसंच उलगडला. त्याच्या तीन प्लाझ्मिडांपैकी, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या लहान वेटोळ्यांपैकी, दोन त्याच्या सौम्य पूर्वजात नाहीत. त्या वेटोळ्यांवरील जनुकांचा त्याच्या मारकतेत मोठा वाटा आहे.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांचे पद गेले. दूषित बाटली त्यांच्या प्रयोगशाळेत बिघडली नव्हती, हे मान्य होऊन ते निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.