सयाजीराव आणि दहावीनंतरची वाट

दहावीचा निकाल लागला की आमच्या बडोद्यात घरोघरी एकच प्रश्न असतो. आता पुढे काय? सायन्स घ्यायचं, कॉमर्स घ्यायचं, आर्ट्सला जायचं की सरळ आयटीआय? मागच्या जूनमध्ये आमच्या मराठी मंडळातले आम्ही चौघं एका शाळेत मुलांशी याच विषयावर बोलायला गेलो होतो. कोर्सची यादी, फॉर्मच्या तारखा, शिष्यवृत्त्या, सगळं तक्त्यावर नीट लिहून नेलं होतं. बोलून झाल्यावर एका मुलीने विचारलं की बाहेरगावी ॲडमिशन मिळाली तर राहायचं कुठे. आमच्या तक्त्यात त्याचं उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी सयाजीराव महाराजांचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं, कारण बडोद्यात मुलांना पुढची वाट दाखवण्याचं काम त्यांच्याइतकं कुणी केलेलं नाही.

गंमत अशी, की स्वतः महाराजांना आपली वाट निवडायला मिळालीच नव्हती. त्यांचं मूळ नाव गोपाळराव. जन्म १८६३ सालचा, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या कवळाणे गावचा. वडील काशीराव शेती करणारे. गायकवाड घराण्याशी नातं होतं, पण ते लांबचं. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं आणि खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी दिली. घराण्यातली काही मुलं बडोद्याला आणली गेली आणि त्यांतून बारा वर्षांच्या गोपाळची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी तो सयाजीराव झाला. तोवर त्याला धड लिहिता-वाचताही येत नव्हतं.

मग सुरू झाला अभ्यास, आणि तो आजच्या कुठल्याही क्लासपेक्षा कडक होता. एलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा, शिवाय गणित, इतिहास, भूगोल आणि व्यायाम. दिवाण सर टी. माधवराव राज्यकारभाराचे धडे द्यायचे. २८ डिसेंबर १८८१ रोजी, अठराव्या वर्षी, राज्याचा पूर्ण कारभार हातात आला. शेतकऱ्याचा मुलगा सहा वर्षांत राजा म्हणून तयार झाला होता. चांगला शिक्षक, पुस्तकं आणि वेळ मिळाला तर मूल कुठवर पोचतं, याचा पुरावा महाराजांपुढे होता, तो म्हणजे ते स्वतः. त्यांच्या पुढच्या कामाचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

कारभार हाती आल्यावर लवकरच राज्यात अस्पृश्य मुलांसाठी शाळा निघाल्या. सवर्ण शिक्षक तिथे शिकवायला तयार होईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले गेले. १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो कायदा सगळ्या राज्याला लागू झाला. इंग्रजांच्या मुलखात तेव्हा असं काही नव्हतं.

पण शाळा संपल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. त्या काळी शिकलेल्या मुलाला दोनच गोष्टी दिसायच्या, कारकुनी आणि वकिली. महाराजांनी तिसरा रस्ता काढला. १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झालं. पहिले प्रमुख होते सुरतचे रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर. सुतारकाम, विणकाम, कापड रंगवणं, यंत्रांचं काम, चित्रकला असे विषय तिथे शिकवले जायचे. धंद्याचं शिक्षण मुलांना आपल्या भाषेतून मिळावं असा गज्जरांचा आग्रह होता आणि महाराजांनी त्यांना पाठिंबा दिला. इंग्रजी कच्चं म्हणून हुशार कारागीर मागे पडू नये, हा त्यातला साधा विचार. आज इंग्रजीच्या भीतीने सायन्स सोडणारी मुलं बघितली की हे फार पटतं.

या कलाभवनात त्र्यंबकेश्वरचा एक तरुण आला होता, धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकून झाल्यावर तो इथे चित्रकला आणि फोटोग्राफी शिकला. पुढे छपाईचा धंदा केला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. सिनेमा नावाचं करिअर तेव्हा आपल्या देशात अस्तित्वातच नव्हतं. कुठल्याही तक्त्यावर ते लिहिता आलं नसतं. हाताला कसब मिळालं होतं, म्हणून पुढची वाट फाळक्यांना स्वतःच पाडता आली.

१९१० च्या सुमारास महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि राज्यभर मोफत वाचनालयांचं जाळं विणलं. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जायच्या. गावातल्या मुलाला बाहेरचं जग कळायला तेव्हा दुसरं साधन तरी काय होतं?

आणि मग शिष्यवृत्त्या. परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांत सगळ्यांना माहीत असलेलं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. कॉलेजात असताना त्यांना बडोद्याकडून दरमहा २५ रुपये मिळायचे. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. अट एकच, परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी.

इथपर्यंतची गोष्ट आपण भाषणांत सांगतो. पुढची फारशी सांगत नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब करार पाळायला बडोद्याला आले. महाराजांच्या राज्यात नोकरी होती, पण राहायला खोली नव्हती. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. सरकारी बंगल्यासाठी केलेली खटपट वेळेत फळली नाही. एका हिंदू मित्राने अडचण सांगितली. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. पत्नीला विचारून सांगतो म्हणाला, आणि त्या शब्दांचा अर्थ बाबासाहेब समजले. आज आपण ज्याला सयाजीबाग म्हणतो त्या कमाटीबागेत ते रात्रीच्या गाडीची वाट बघत बसले आणि मुंबईला परत गेले.

त्या ख्रिस्ती मित्राची गोष्ट वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. मी कॅथलिक घरातला. पाहुण्याला दार उघडावं हे लहानपणापासून ऐकत आलो. तरीही त्या दिवशी दार उघडलं नाही ते आपल्याच माणसांचं. राजाने न्यूयॉर्कपर्यंतची वाट मोकळी केली, पण स्वतःच्या शहरातलं एक दार त्यालाही उघडता आलं नाही. ते शेजाऱ्यांच्या हातात होतं. याने महाराज लहान होतात असं मला वाटत नाही. एकट्या राजाने भागत नाही, एवढंच कळतं.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. दहा वर्षांनी त्यांच्या नावाचं विद्यापीठ उभं राहिलं आणि कलाभवन त्याचा भाग झालं. आज तिथे हजारो मुलं इंजिनिअरिंग शिकतात.

येत्या जूनला आम्ही पुन्हा त्या शाळेत जाणार आहोत. या वेळी तक्त्याला एक रकाना वाढवला आहे: राहायची सोय. हॉस्टेलचे पत्ते आणि फी गोळा करून झाली. आता वस्तीतल्या कुठल्या घरी बाहेरगावच्या मुलामुलींना, आडनाव न विचारता, खोली मिळेल याची यादी करतो आहोत. आमच्या घरची मागची खोली रिकामी आहे. आईला विचारलं. ती हो म्हणाली, म्हणून यादीत पहिलं नाव आमचंच लिहिलं.