बादशहास प्रायश्चित्त देणारे बिशप : संत अँब्रोज

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं वाचकांपुढें कोणाचें चरित्र ठेवावें, असा विचार आमच्या मनांत आला, तेव्हां प्रथम ज्युबिली या शब्दाकडेच आमचें लक्ष गेलें. जुन्या करारांत लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत सांगितलेलें ज्युबिलीचें वर्ष हें केवळ वाजंत्रीचें व पताकांचें वर्ष नव्हे. पन्नासाव्या वर्षीं विकलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी आणि दारिद्र्यामुळें विकला गेलेला बांधव मोकळा व्हावा, असा तो दंडक होता; आणि तो जसा गरिबास आधार देणारा, तसाच धनवंतास व बळवंतास बांधून टाकणारा होता. नियमापुढें कोणीहि मोठा नाहीं, ही शिकवण ज्युबिलीच्या मुळाशींच आहे. म्हणून ज्यांनीं हातीं शस्त्र न धरतां एका रोमन बादशहास त्याच्या शिपायांनीं केलेल्या कत्तलीचा जाब विचारला, त्या संत अँब्रोज यांचें अल्प चरित्र आम्ही येथें सादर करीत आहों.

संत अँब्रोज यांचा जन्म इ. स. ३४० च्या सुमारास, सध्यां जर्मनींत असलेल्या ट्रिअर शहरीं झाला. वडील गॉल प्रांताच्या कारभारांतील फार मोठे अधिकारी होते. त्यांच्या मृत्यूनंतर मातोश्री मुलांस घेऊन रोमला परतल्या. थोरली बहीण मार्सेलिना हिनें पोप लिबेरिअस यांच्या हस्तें कौमार्यव्रताचें वस्त्र घेतलें. बंधु सातिरुस व अँब्रोज यांनीं कायद्याचा अभ्यास करून वकिली पत्करली. तरुण अँब्रोज यांचें वक्तृत्व व सचोटी पाहून प्रोबुस नांवाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानें त्यांना पुढें आणलें, आणि ३७० च्या सुमारास ते लिगुरिया व एमिलिया या प्रांतांचे सुभेदार होऊन मिलान शहरीं राहूं लागले. निरोप देतांना प्रोबुसनें त्यांना न्यायाधीशासारखें नव्हे तर बिशपासारखें वागण्याचा उपदेश केला होता, असें त्यांचे चरित्रकार पौलिनुस सांगतात. तो उपदेश इतक्या अक्षरशः खरा होईल, असें सांगणाऱ्यास तरी कोठें ठाऊक होतें !

३७४ सालीं मिलानचे बिशप ऑक्सेन्तिउस वारले. ते आरियन पंथाचे होते. नवा बिशप कोणत्या पक्षाचा असावा यावरून देवळांत लोकांची बाचाबाची सुरू झाली, व शांतता राखणें हें सुभेदाराचें काम असल्यामुळें अँब्रोज तेथें गेले. ते लोकांची समजूत घालीत असतां गर्दींतून एका बालकाचा आवाज उठला, आणि त्या आवाजासरशीं दोन्ही पक्षांनीं अँब्रोज यांनाच बिशप करा म्हणून एकच गजर केला. अँब्रोज यांचा तोंवर बाप्तिस्माहि झाला नव्हता. हा भार चुकविण्यासाठीं त्यांनीं नाना उपाय केले. पौलिनुस सांगतात कीं, आपण या पदास अपात्र आहों असें लोकांस वाटावें म्हणून त्यांनीं न्यायासनावर बसून, आपल्या नित्याच्या रीतीविरुद्ध, कांहीं जणांना यातना देण्याचा हुकूम केला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम लपवीत नाहीं. ज्याच्या हातीं सत्तेचा चाबूक असतो त्याला तो स्वतःच्या सोयीसाठींहि वापरण्याचा मोह कसा होतो, हें अँब्रोज यांनीं पुस्तकांत वाचलें नव्हतें. तें त्यांच्या स्वतःच्या हातून घडलें होतें. लोकांनीं मात्र आपला हट्ट सोडला नाहीं. अँब्रोज यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ७ डिसेंबर ३७४ रोजीं त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली.

बिशप होतांच त्यांनीं आपलें सोनें-रुपें ख्रिस्तसभेस व गोरगरिबांस वांटून टाकलें. जमीनजुमलाहि, बहिणीच्या निर्वाहाची सोय ठेवून, ख्रिस्तसभेस दिला. ३७८ सालीं अड्रियानोपलच्या लढाईंत रोमन सैन्याचा मोड झाला व गॉथ लोकांनीं असंख्य माणसें धरून नेलीं, तेव्हां त्यांच्या सुटकेसाठीं अँब्रोज यांनीं देवळांतील मौल्यवान पात्रें वितळविलीं. आरियनांनीं त्याबद्दल त्यांना दोष दिला. परंतु सोन्याच्या पेल्यापेक्षां ज्यांच्यासाठीं ख्रिस्तानें रक्त सांडलें तीं माणसें अधिक मोलाचीं आहेत, हा त्यांचा निश्चय ढळला नाहीं.

राजसत्तेशीं त्यांचा पहिला मोठा झगडा ३८५-८६ सालीं झाला. बालबादशहा दुसरा वॅलेंटिनिअन याच्या नांवें त्याची आई जस्टिना कारभार पाहत होती. ती आरियन पंथाची असल्यामुळें मिलानमधील एक देऊळ आपल्या पंथास द्यावें असा तिचा आग्रह होता. अँब्रोज यांनीं नकार दिला. तेव्हां देवळाभोंवतीं शिपाई उभे राहिले. व्यापारी मंडळींवर दोनशें पौंड सोन्याचा दंड बसवून, पुण्य सप्ताहांत, ज्या दिवसांत ऋणकोंस मोकळें करण्याची चाल होती त्याच दिवसांत, पुष्कळांना तुरुंगांत टाकण्यांत आलें. लोक देवळांतच रात्रंदिवस बसून राहिले. संत ऑगस्टीन यांची आई मोनिका हीहि त्यांत होती. अँब्रोज यांनीं लोकांस स्तोत्रें व गीतें आळीपाळीनें गावयास शिकवून त्यांचा धीर टिकविला. दगड मात्र कोणाच्या हातीं दिला नाहीं. उलट कास्तुलुस नांवाचा एक आरियन पुरोहित संतप्त जमावाच्या तावडींत सांपडला असें कळतांच त्यांनीं आपले धर्मगुरु धाडून त्याची सुटका केली. अखेर सरकारनें शिपाई परत बोलाविले व दंडहि माघारा दिला. बादशहा हा ख्रिस्तसभेच्या आंत आहे, तिच्यावर नाहीं, हें तत्त्व अँब्रोज यांनीं या वेळीं उघड सांगितलें. पुढच्याच वर्षीं, ३८७ च्या पुनरुत्थानाच्या सणास, ऑगस्टीन यांनीं त्यांच्याच हस्तें बाप्तिस्मा घेतला.

याच सुमारास ट्रिअर येथें माक्सिमुस या बंडखोर बादशहानें प्रिसिलिअन नांवाच्या पाखंडी पुढाऱ्याचा शिरच्छेद करविला, आणि कित्येक बिशपांनींच त्या शिक्षेची मागणी केली होती. अँब्रोज यांना प्रिसिलिअनचीं मतें मुळींच मान्य नव्हतीं. तथापि रक्ताची मागणी करणाऱ्या त्या बिशपांशीं त्यांनीं धर्मसंबंध ठेवला नाहीं.

परंतु संतांचें चरित्र लिहितांना केवळ गौरवाचेच प्रसंग निवडून घ्यावे, हें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ३८८ सालीं फरात नदीवरील कॅलिनिकम गांवीं ख्रिस्ती जमावानें तेथील बिशपाच्या चिथावणीवरून यहुदी लोकांचें सभास्थान जाळलें. बादशहा थिओडोसिअस यानें बिशपानें तें स्वखर्चानें बांधून द्यावें व अपराध्यांस शासन व्हावें, असा हुकूम केला. हा हुकूम न्यायाचा होता. अँब्रोज यांनीं मात्र प्रथम पत्र लिहून आणि मग भर देवळांत, बादशहानें वचन देईपर्यंत मिस्सा सुरू न करतां, तो रद्द करविला. कायद्यासमोर सर्व सारखे म्हणावयाचें आणि आपल्या माणसांस त्यांतून वगळावयाचें, हें बरोबर नव्हे. यहुदी लोकांविरुद्धचा द्वेष व छळ यांचा ख्रिस्तसभेनें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेंत १९६५ सालीं स्पष्ट निषेध केला आहे. त्या प्रकाशांत पाहतां या प्रसंगीं बादशहाचा पक्ष खरा होता, असें म्हणणें आम्हांस प्राप्त आहे.

आतां ज्या प्रसंगानें अँब्रोज यांचें नांव अजरामर झालें, त्याकडे वळूं. ज्या थेस्सलनीकाकरांस संत पौलानें पाठविलेलीं दोन पत्रें आपण मिस्सेच्या वेळीं ऐकतों, त्यांचेंच तें शहर. थिओडोसिअसचा बाप्तिस्मा त्याच शहरीं ३८० च्या सुमारास, तो आजारी असतां, झाला होता. ३९० सालीं तेथील सेनापति बुथेरिक यानें लोकांच्या आवडत्या एका सारथ्यास दुर्वर्तनाबद्दल कैदेंत घातलें. रथांच्या शर्यती जवळ आल्या होत्या. लोकांनीं त्याची सुटका मागितली, सेनापतीनें ती नाकारली, आणि दंगा होऊन खुद्द बुथेरिक मारला गेला. हा अपराध मोठा होता यांत शंका नाहीं. चौकशी करून खुनी शोधणें व त्यांस शिक्षा देणें हें सरकारचें कर्तव्यच होतें. परंतु त्या वेळीं मिलानमध्यें असलेल्या थिओडोसिअसनें संतापाच्या भरांत चौकशीऐवजीं सूड पत्करला. अँब्रोज यांनीं केलेल्या विनवण्या फुकट गेल्या. पुढें राग ओसरल्यावर त्यानें हुकूम मागें घेतला, पण तोंपर्यंत फार उशीर झाला होता. शर्यतींच्या निमित्तानें जमलेल्या लोकांवर शिपाई तुटून पडले. अपराधी कोण, निरपराधी कोण, गांवचा कोण, परगांवचा कोण, कोणी विचारलें नाहीं. मेलेल्यांचा आंकडा थिओडोरेत हा जुना इतिहासकार सात हजार देतो. आजचे अभ्यासक तो निश्चित मानीत नाहींत. सोझोमेन नांवाच्या इतिहासकारानें एका व्यापाऱ्याची हकीकत दिली आहे. त्याचे दोन मुलगे शिपायांनीं धरले. त्यांच्या बदलीं आपला प्राण घ्या, म्हणून तो सोनेंहि देऊं लागला. शिपाई म्हणाले कीं, ठरलेली संख्या भरावयाची असल्यामुळें दोघांपैकीं एकासच सोडतां येईल. बापाला निवड करवेना, आणि दोघेहि मारले गेले. ज्यांच्यावर रक्षणाचा भार, तेच जेव्हां माणसें नव्हे तर संख्या मोजूं लागतात, तेव्हां राज्याची काय दशा होते, हें त्या बापाच्या डोळ्यांनीं पाहावें.

अँब्रोज यांनीं या वेळीं काय केलें? त्यांनीं बंड उभारलें नाहीं, चौकांत भाषणें केलीं नाहींत. प्रकृतीच्या कारणावरून ते शहर सोडून गेले व तेथून त्यांनीं बादशहास, दुसऱ्या कोणाच्या दृष्टीस पडूं नये म्हणून, स्वहस्तें एक पत्र लिहिलें. दावीद राजास त्याच्या पापाची जाणीव नाथान संदेष्ट्यानें कशी करून दिली, याची त्यांनीं आठवण दिली. राजानें पाप केलें यांत नवल नाहीं, पण तें कबूल न करणें हें घातक आहे, असें सुचविलें. आणि बादशहा हजर असतां आपण मिस्साबलि अर्पण करूं शकत नाहीं, असें नम्रपणें पण निक्षून कळविलें. देवळाच्या दारांत उभें राहून अँब्रोज यांनीं बादशहास अडविलें, असें जें दृश्य चित्रकारांनीं रंगविलें आहे, तें मागाहूनच्या वर्णनावरून घेतलेलें आहे. खरा प्रसंग याहून शांत होता, आणि म्हणूनच आम्हांस तो अधिक थोर वाटतो.

थिओडोसिअसनें तें मान्य केलें. राजचिन्हें उतरवून तो इतर पापी माणसांच्या रांगेंत उभा राहिला, सर्वांदेखत त्यानें अश्रु ढाळले, आणि ३९० च्या नाताळांत त्याला पुन्हा पवित्र कोमुनियन मिळालें. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुण्यांनीं रघुनाथरावांस देहान्त प्रायश्चित्त सांगितल्याची कथा महाराष्ट्रांत घरोघर माहीत आहे. तेथें राज्यकर्त्यानें निवाडा मानला नाहीं व शास्त्रीबोवा पद सोडून निघून गेले. येथें राज्यकर्त्यानें तो मानला, हाच काय तो भेद. निवाडा देणाऱ्याचें धैर्य दोन्हीकडे सारखेंच आहे.

परंतु अश्रूंनीं मेलेलीं माणसें परत येत नाहींत. पुढें पुन्हा असें घडूं नये याची तजवीज व्हावी लागते. बादशहानें कोणास नेहमींपेक्षां कठोर शिक्षा फर्माविली, तर तिची अंमलबजावणी तीस दिवस थांबवावी, असा कायदा थिओडोसिअसच्या संहितेंत आहे. प्राचीन इतिहासकार तो या प्रायश्चित्ताशीं जोडतात. संहितेंत त्यावर ३८२ हें साल असल्यामुळें विद्वानांत मतभेद आहे, तथापि पुष्कळ जण तो ३९० चाच समजतात. कसेंहि असो, त्यांतील मर्म उघड आहे. राग आणि दंड यांच्यामध्यें कायद्यानें कांहीं काळ उभें राहावें, म्हणजे बुद्धीस परत येण्यास सवड मिळते. अटक झालेल्या मनुष्यास, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आंत न्यायाधीशापुढें उभें केलें पाहिजे, असा जो दंडक १९५० पासून आपल्या भारतीय राज्यघटनेंत आहे, त्याचा हेतूहि शिपायाची शक्ति व माणसाचा देह यांच्यामध्यें न्यायास उभें करणें हाच आहे.

१७ जानेवारी ३९५ रोजीं थिओडोसिअस मिलान येथें मरण पावला. त्याच्या अंत्यविधीच्या प्रवचनांत अँब्रोज यांनीं त्याच्या विजयांइकीच त्याच्या प्रायश्चित्ताची थोरवी गाइली. ज्याला त्यांनीं वेदीपासून दूर ठेवलें, त्याच्यावर त्यांचें मनापासून प्रेम होतें. स्वतः अँब्रोज ४ एप्रिल ३९७ रोजीं, पुण्य शनिवारीं, प्रभूस प्राप्त झाले. मिलानमध्यें त्यांच्याच नांवाच्या देवळांत त्यांचा देह ठेवलेला आहे. लॅटिन ख्रिस्तसभेच्या चार थोर आचार्यांत त्यांची गणना होते, व ७ डिसेंबर हा त्यांचा सण आपण पाळतों.

धर्मबंधु-भगिनींनो, आपणांपैकीं कोणी चावडींत बसतात, कोणी पोलिसांत चाकरी करतात, कोणी शाळेंत वा घरांत चारचौघांवर अधिकार चालवितात. अधिकार लहान असो वा मोठा, त्याचा हिशेब द्यावयाचा आहे; आणि दुसऱ्याकडून हिशेब मागतांना आपल्या माणसासहि त्यांतून सूट द्यावयाची नाहीं. पहिली गोष्ट संत अँब्रोज यांच्या थेस्सलनीकाच्या पत्रावरून शिकावी, दुसरी त्यांच्या कॅलिनिकमच्या चुकीवरून. ज्युबिलीच्या या वर्षीं त्यांच्या विनंतीनें आपणांस सत्य बोलण्याचें धैर्य आणि चूक कबूल करण्याची नम्रता हीं दोन्ही दानें लाभोत, हीच आमची परमेश्वरचरणीं प्रार्थना.