कृष्णेच्या पाण्यातला शोध : प्रा. शं. पु. आघारकर

आघारकर हे नाव उच्चारले की पुष्कळांना गोपाळ गणेश आगरकरांचीच आठवण होते. पुण्यात तर या घोटाळ्यात भर पडते, कारण आघारकर संशोधन संस्था नेमकी आगरकरांच्या नावाच्या रस्त्यावर आहे. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मात्र निराळे गृहस्थ. त्यांचा जन्म मालवणचा, १८ नोव्हेंबर १८८४ चा. माझा व्यवसाय मुलांना गाणे शिकविण्याचा आणि वनस्पतींशी माझा संबंध दारच्या तुळशीइतकाच. पण निपाणीच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला हे चरित्र परके वाटू नये, असे त्यात बरेच आहे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत असताना आघारकर सह्याद्रीतून हिंडून नमुने गोळा करीत. या भटकंतीत, १९११ च्या सुमारास, सातारा जिल्ह्यात वेण्णेच्या पाण्यात त्यांना एक चमत्कारिक जीव आढळला. लहानशा नाण्याएवढा, छत्रीच्या आकाराचा आणि काचेसारखा आरपार दिसणारा. हा जेलीफिश समुद्रातला नव्हे, गोड्या पाण्यातला! या जातकुळीचे जीव तोवर आफ्रिकेतच ठाऊक होते. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील अ‍ॅनन्डेल यांनी त्याचे ‘लिम्नोक्निडा इंडिका’ असे नामकरण केले. टांगानिका सरोवरातला सोयरा सह्याद्रीच्या नदीत कसा आला, हा प्रश्न विद्वानांपुढे उभा राहिला. वेण्णा कृष्णेला मिळते. आमची वेदगंगा आणि बेळगावकडची मलप्रभाही शेवटी कृष्णेचीच होते. तेव्हा हा शोध आपल्याच पाण्यातला म्हणावयाचा.

पुढे १९१३ साली रासबिहारी घोष या नामांकित वकिलांनी कलकत्ता विद्यापीठाला दहा लाख रुपये दिले. त्या देणगीतून निर्माण झालेले वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापकपद आघारकरांकडे आले. अधिक अध्ययनासाठी ते १९१४ साली जर्मनीस गेले, तोच महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तेथे स्थानबद्ध व्हावे लागले. दुसऱ्या कोणाचे मन अशा वेळी खचले असते. पण नावाजलेल्या गवयाने पुन्हा गंडा बांधून शिष्य व्हावे, तसे हे नियुक्त प्राध्यापक अ‍ॅडॉल्फ एंग्लर या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाजवळ शिकले आणि १९१९ साली बर्लिनची डॉक्टरेट मिळवूनच परतले. वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या व खारट जमिनीवरची झाडेझुडपे मूळची कुठली, त्यांच्या बिया कशाने पसरतात, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. वेण्णेकाठी पडलेले कोडेच त्यांनी जणू वनस्पतींना घातले. कोणता जीव कुठे राहतो आणि तेथे तो कसा पोचला, ही विचारपूस म्हणजेच आज आपण ज्याला परिस्थितिविज्ञान म्हणतो त्याचा पाया होय.

कलकत्त्यास त्यांनी १९४६ पर्यंत अध्यापन केले. बंगालच्या नद्या व तळी त्या काळी जलपर्णीने, म्हणजे आपल्याकडच्या केंदाळाने, गुदमरली होती. या वनस्पतीचे परागण कसे होते आणि बी कसे धरते, याचा अभ्यास आघारकरांनी आपले सहकारी बॅनर्जी यांच्यासह १९३० साली प्रसिद्ध केला. पंचगंगेवर केंदाळाचा हिरवा गालिचा पसरलेला पाहणाऱ्याला या कामाचे मोल निराळे सांगावयास नको.

निवृत्तीनंतर साठी उलटलेला हा माणूस स्वस्थ बसला नाही. १९४६ सालीच पुण्यात ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था उभी राहिली आणि तिचे ते संस्थापक-संचालक झाले. कलकत्त्यात अशाच नावाची संस्था १८७६ पासून होती. ते रोप त्यांनी महाराष्ट्राच्या मातीत लावले.

माझे वडील दरबारचे गवई. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि कलावंतांचा राजाश्रय सरला. मग आश्रय द्यावयाचा कोणी, हा प्रश्न आमच्या घराने जवळून पाहिला आहे. गाणे टिकले ते लोकांनी सभा, मंडळे आणि विद्यालये काढली म्हणून. विज्ञानालाही असाच समाजाचा आधार हवा, हे आघारकरांनी कलकत्त्यात एका वकिलाच्या दानाने ओळखले होते, आणि महाराष्ट्रात त्याची सोय आधीच करून ठेवली.

२ सप्टेंबर १९६० रोजी ते वारले. १९९२ साली संस्थेला त्यांचे नाव मिळाले. तेथे तयार झालेल्या गव्हाच्या व सोयाबीनच्या वाणांच्या नावात त्या मूळ मंडळाची आद्याक्षरे, एम.ए.सी.एस., आजही असतात. निपाणी-चिकोडीकडे तंबाखूच्या जोडीला सोयाबीनही पिकते. बियाण्याच्या पिशवीवर ही अक्षरे दिसली, तर मालवणच्या या माणसाचे स्मरण व्हावे. आपली जुनी घराणी देवळाला आणि संगीतसभेला हात आखडता घेत नाहीत. त्यांनी आपल्या गावच्या शाळेतील एखादी प्रयोगशाळाही आपली मानली, तर आघारकरांचे काम पुढे चालले असे म्हणता येईल.