व्हीआर हा शब्दही नव्हता, तेव्हा या माणसाने प्रेक्षकाला हलणाऱ्या खुर्चीत बसवून ब्रुकलिन फिरवून आणलं होतं

समजा तुम्ही व्हीआर हेडसेट घालून गेम खेळताय. मागून कोणीतरी गोळी झाडली. आवाज कानात येतोच, पण त्याच क्षणी डाव्या खांद्याखाली पाठीत ठक्कन काहीतरी बसतं. तुम्ही विचार न करता मागे वळता. घरातलं कोणी दारात उभं राहून बघत असेल तर त्याला वाटणार, याला झालंय काय.

ही कमाल असते अंगात घातलेल्या हॅप्टिक वेस्टची. वेस्ट म्हणजे बिनबाह्यांचं जॅकेट. त्याच्या आत छातीवर आणि पाठीवर ठिकठिकाणी छोट्या मोटरी बसवलेल्या असतात. मोबाईल व्हायब्रेट करते तसलीच मोटर. बीहॅप्टिक्स या कोरियन कंपनीच्या एका वेस्टमध्ये अशा ४० मोटरी आहेत, २० पुढे आणि २० मागे. गेममध्ये जिकडून मार बसला तिकडची मोटर थरथरते आणि मेंदू बाकीची गोष्ट स्वतःच रचतो.

हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं डोकं असेल असं आपल्याला वाटतं. पण नुसत्या डोळ्या-कानांवर भागणार नाही, प्रेक्षकाचं अंगही हललं पाहिजे, हा हट्ट एका माणसाने १९५० च्या दशकातच धरला होता. तो कॉम्प्युटरवाला नव्हता, गेमवालाही नव्हता. तो होता सिनेमावाला. त्याचं नाव मॉर्टन हायलिग.

हायलिगचा जन्म २२ डिसेंबर १९२६ चा. माणूस अमेरिकन, पण सिनेमा शिकायला गेला इटलीत, रोमच्या प्रसिद्ध सिनेमा संस्थेत. दुसरं महायुद्ध संपून काही वर्षंच झाली होती. अमेरिकेत घराघरांत टीव्ही शिरत होता आणि थिएटरवाल्यांचं धाबं दणाणलं होतं. लोक घरी फुकट बघतात, मग तिकीट काढून कशाला येतील? यावर उतारा म्हणून हॉलिवूडने एकेक प्रयोग काढायला सुरुवात केली.

त्यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे सिनेरामा. ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा पहिला खेळ झाला. तीन प्रोजेक्टर एकाच वेळी चालायचे आणि समोर प्रेक्षकाला अर्धा वेढा घालणारा वक्र पडदा. सुरुवातीलाच रोलर कोस्टरची सफर. खुर्ची जागेवरच असायची, तरी लोक तिचे हात घट्ट धरून बसायचे.

सिनेरामा बघून बाकीचे म्हणाले, पडदा मोठा करा. हायलिगचं डोकं वेगळीकडे गेलं. त्याने प्रश्न उलटा धरला. पडदा किती मोठा असावा हे सोडा, माणसाला जग कळतं कसं ते आधी बघा. डोळ्याने कळतं, कानाने कळतं, पण नाकाने आणि कातडीनेही कळतं. मग सिनेमा दोनच दारांतून आत का शिरतो?

पुढे तो मेक्सिकोत गेला. तिथल्या 'एस्पासिओस' या नियतकालिकात १९५५ साली त्याचा एक निबंध छापून आला. विषय होता भविष्यातला सिनेमा. त्यात त्याने चक्क टक्केवारी मांडली. माणसाच्या लक्षापैकी ७० टक्के डोळ्यांकडे, २० टक्के कानांकडे, ५ टक्के वासाकडे, ४ टक्के स्पर्शाकडे आणि १ टक्का चवीकडे जातं, असा त्याचा हिशोब.

आता हे आकडे कुठल्या प्रयोगशाळेत मोजलेले नव्हते, तो त्याचा अंदाज होता. त्यामुळे त्यांना शास्त्र समजू नका. पण त्यातली गंमत बघा. आज हॅप्टिक वेस्टचा जो काही बाजार उभा राहिलाय, तो सगळा हायलिगच्या त्या ४ टक्क्यांवर उभा आहे. 

नुसता निबंध लिहून तो थांबला असता तर आज त्याचं नाव कोणी घेतलं नसतं. गड्याने यंत्रं बनवायला घेतली.

१९५७ साली त्याने एका मुखवट्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. डोक्यावर चढवायचा मुखवटा, दोन डोळ्यांसमोर दोन छोटे पडदे, कानांशी स्टिरिओ आवाज आणि वाऱ्याची झुळूक, वास सोडायची सोय. १९६० मध्ये पेटंट मिळालं. त्याचं चित्र आज कोणालाही दाखवा, हा कुठल्या कंपनीचा हेडसेट असंच विचारतील.

पण त्याचं खरं वेड होतं सेन्सोरामा.

आपल्याकडे जत्रेत बायोस्कोपवाला यायचा. पेटीला भोकं, त्याला डोळे लावून बसायचं आणि आत चित्रं सरकत जायची. सेन्सोरामा म्हणजे त्या बायोस्कोपचा अमेरिकेत शिकून आलेला चुलतभाऊ. एका माणसापुरतं कपाटाएवढं यंत्र. पुढ्यात खुर्ची. खुर्चीत बसून डोकं एका टोपीसारख्या खोबणीत घालायचं. आत त्रिमितीय रंगीत फिल्म सुरू व्हायची, दोन्ही कानांशी आवाज, चेहऱ्यावर पंख्याचा वारा, ठरलेल्या क्षणी वास आणि बुडाखाली खुर्चीची थरथर. कधी काय सुरू करायचं हे फिल्मबरोबरच नोंदवलेल्या सिग्नलवर चालायचं. १९६१ च्या जानेवारीत पेटंटचा अर्ज आणि २८ ऑगस्ट १९६२ रोजी पेटंट.

या यंत्रात दाखवायला तशा फिल्म बाजारात मिळणं शक्यच नव्हतं. मग त्या कोणी काढल्या? यानेच. कॅमेराही स्वतःच तयार केला, शेजारी-शेजारी दोन भिंगांचा. शूटिंग आणि एडिटिंगही स्वतःच केलं. सगळ्यात जास्त बोललं जातं ते त्याच्या मोटरसायकलच्या फिल्मबद्दल. प्रेक्षक गाडीवर बसून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून निघतो. रस्त्याचे हादरे खुर्चीतून अंगात येतात, वारा तोंडावर लागतो, शहराचे वास नाकात शिरतात. याशिवाय हेलिकॉप्टर होतं, वाळूवर धावणारी बग्गी होती, पोटनृत्य करणारी नर्तकी होती. एका फिल्ममध्ये तर तुम्हीच कोका-कोलाची बाटली!

त्या काळात असं करणारा तो एकटाच होता असं मात्र नाही. १९५९ च्या 'द टिंगलर' या भयपटासाठी विल्यम कॅसल या निर्मात्याने थिएटरच्या काही खुर्च्यांखाली थरथरणारी यंत्रं बसवली होती. भीतीचा प्रसंग आला की काही प्रेक्षकांच्या खुर्च्या एकदम गुणगुणायच्या. १९६० मध्ये एका सिनेमात पाइपांनी वास सोडले गेले. पण ही जाहिरातबाजी होती, सिनेमा संपला की विषय संपला. हायलिगच्या पेटंटमध्ये वेगळीच गंभीर गोष्ट आहे. त्याने लिहिलं की लष्करातल्या जवानांना, कारखान्यातल्या कामगारांना आणि विद्यार्थ्यांना धोक्याच्या गोष्टी खऱ्या धोक्यात न घालता शिकवता येतील. आज पायलट, सर्जन, अग्निशमन दलाचे जवान सिम्युलेटरवर शिकतात. त्यामागचा युक्तिवाद हाच आहे.

आता एक प्रश्न. खुर्ची थरथरली म्हणून मेंदू फसतो कसा?

आपल्या कातडीखाली वेगवेगळ्या कामाचे संवेदक असतात. कोणी दाब ओळखतो, कोणी ताण, तर कोणी कंपन. कंपनवाले सेकंदाला साधारण २०० ते ३०० वेळा होणाऱ्या थरथरीला सगळ्यात जास्त दाद देतात. बोटाच्या टोकावर दोन टोचण्या दोन-तीन मिलिमीटर अंतरावर असल्या तरी त्या दोन आहेत हे कळतं. पाठीवर तेच अंतर जवळपास चार सेंटिमीटर लागतं, त्याहून जवळ असल्या की एकच वाटते. पाठ अशी जरा ढोबळ आहे म्हणूनच जॅकेटमध्ये शेकडो मोटरी लागत नाहीत, ४० मध्ये भागतं. शिवाय शेजारच्या दोन मोटरी एकदम थरथरल्या तर स्पर्श त्यांच्या मधोमध, जिथे मोटरच नाही तिथे झाल्यासारखा वाटतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ. डोळ्याला खड्डा दिसला आणि त्याच क्षणी बुडाला हादरा बसला, की मेंदू दोन्हीची एकच घटना करतो. हादरा मागाहून आला की जादू गेली, उरते नुसती बिघडलेली खुर्ची. हायलिगने सगळे सिग्नल फिल्मलाच का बांधले ते यातून कळतं.

मग एवढं सगळं बरोबर असून गाडी अडली कुठे?

पैशावर. सेन्सोरामात एका वेळी एकच जण बसणार, तोही काही मिनिटं. नाणं टाकून बघायचं यंत्र म्हणून ते चालवायला गेलं तर त्यात फिरती फिल्म, पंखे, वासाच्या कुप्या, हलणारी खुर्ची, म्हणजे बिघडायला दहा जागा. पुन्हा प्रत्येक नव्या फिल्मसाठी नुसतं शूटिंग पुरत नाही, वारा कधी, वास कोणता, हादरा किती हे सगळं नव्याने बसवायचं. थिएटरमध्ये एकच रीळ पाचशे लोकांना दाखवता येतं. इथे पाचशे लोकांना पाचशे वेळा.

तो कंपन्यांच्या दारात गेला. शोरूममध्ये ठेवा, गाडी न चालवता गाडीचा अनुभव द्या, असं वाहन कंपन्यांना सांगून बघितलं. कोणी पैसे घातले नाहीत. यंत्र बघून लोक खूश व्हायचे, पण ते बसवायचं कोणत्या खात्यात हे कोणालाच कळेना. सिनेमा म्हणावं तर पडदा नाही, खेळणं म्हणावं तर फार महाग.

त्यानेही हार मानली नाही. एकाचं जमत नाही तर शंभरांचं करू म्हणून त्याने अनुभव-थिएटरची कल्पना मांडली. प्रेक्षकांना वेढणारा प्रचंड पडदा, प्रत्येक खुर्चीला हालचाल, वारा आणि वास. १९६९ मध्ये त्याचंही पेटंट मिळालं. पैसा याही वेळी आला नाही. आज मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये हलणाऱ्या खुर्च्यांचे फाइव्ह-डी शो असतात, पाण्याचे चार थेंब तोंडावर उडतात आणि पोरं किंचाळतात. तेच हे. मधल्या काळात पोटासाठी तो सिनेमाचं काम करत राहिला. 'वन्स' नावाचा एक सिनेमाही त्याने १९७० च्या दशकात दिग्दर्शित केला.

इकडे जग दुसऱ्या रस्त्याने निघालं होतं. १९६८ साली आयव्हन सदरलँड या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने डोक्यावर घालायचा डिस्प्ले बनवला. त्यात दिसायच्या नुसत्या रेघांच्या आकृत्या. ना वास, ना वारा, ना थरथर. पण तुम्ही मान वळवली की चित्रही वळायचं.

माझ्या मते हायलिगची खरी मर्यादा इथे होती, आणि ती पैशाच्या अडचणीपेक्षा मोठी होती. त्याच्या मोटरसायकलवर बसून तुम्ही डावीकडे वळायचं ठरवलं तरी गाडी फिल्ममध्ये वळली होती तिकडेच जाणार. खुर्ची हादरायची, पण तुम्ही काही केलं म्हणून हादरायची नाही. प्रेक्षक मागच्या सीटवरचा पाहुणा. आजच्या वेस्टमध्ये पाठीत बसलेला ठोसा खरा वाटतो, कारण चुकीच्या कोपऱ्यात तुम्ही स्वतः उभे राहिलात. ही जोडणी कॉम्प्युटरशिवाय होणार नव्हती आणि हायलिगकडे होती फक्त फिल्म. दोष त्याचा नाही, पण हे सोडून नुसतं व्हीआरचा बाप म्हणून त्याची आरती ओवाळण्यातही अर्थ नाही.

१९८० च्या दशकात व्हर्च्युअल रिॲलिटी हा शब्द गाजायला लागला, हातमोजे आणि हेडसेट आले, मासिकांची मुखपृष्ठं भरली. त्या गर्दीत हायलिग कुठेच नव्हता. हॉवर्ड राइनगोल्ड या लेखकाचं व्हर्च्युअल रिॲलिटीवरचं पुस्तक १९९१ मध्ये आलं. त्यासाठी तो हायलिगच्या लॉस एंजेलिसच्या घरी गेला आणि सेन्सोरामात बसला. तीस वर्षांचं जुनं यंत्र, तरी चाललं. तिथून पुढे लोकांना कळलं की या गोष्टीचा असाही एक जुना मालक आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेत ऑरा इंटरॅक्टर नावाचं एक उपकरण विकायला आलं. पाठीवर बांधायचं, गेमच्या आवाजातला जड भाग पकडून ते पाठीवर धपके द्यायचं. आजच्या वेस्टचं हे थेट आजोबा. ते फार चाललं नाही. मग एप्रिल १९९७ मध्ये निनटेंडोने जपानमध्ये 'स्टार फॉक्स ६४' या गेमसोबत कंट्रोलरला लावायचा रंबल पॅक आणला आणि अंगाला जाणवणारा गेम पहिल्यांदा घराघरांत पोचला. तेव्हापासून थरथरता कंट्रोलर ही साधी गोष्ट झाली.

त्यानंतर काही आठवड्यांतच, १४ मे १९९७ रोजी, हायलिग गेला. वय ७०. घरच्यांच्या वाट्याला आलं ते यंत्र, पेटंटांचे कागद आणि या वेडापायी झालेलं कर्ज.

वेस्टवाल्यांची आजची अडचण ऐकाल तर ओळखीची वाटेल. चांगला परिणाम हवा असेल तर प्रत्येक गेममध्ये कुठला मार कुठल्या मोटरीवर, किती जोरात, किती वेळ हे बनवणाऱ्याने बसून ठरवावं लागतं. तसं कोणी केलं नसेल तर वेस्ट नुसत्या आवाजावर थरथरते, म्हणजे गोळी लागली तरी तेच आणि मागे ढोल वाजला तरी तेच. वेस्ट घेणारे कमी म्हणून गेमवाले मेहनत घेत नाहीत, आणि गेम कमी म्हणून लोक वेस्ट घेत नाहीत. वारा कधी, हादरा किती हे हायलिग एकेका फिल्मसाठी एकटा बसून ठरवायचा.